सही भावाची, आणि आज नाही

प्रश्न: माझा धाकटा भाऊ चोवीस वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी त्याला स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. गोळ्यांवर चांगला होता, मग त्याने त्या परस्पर बंद केल्या. आता मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, मानसोपचार वॉर्डात तीन आठवडे ॲडमिट आहे. आवाज ऐकू येणं कमी झालंय, झोप लागते. परवा एक रेसिडेंट डॉक्टर सतरा पानांचा फॉर्म घेऊन आले. नव्या औषधाची स्टडी आहे, दोन दिवसांत कळवा म्हणाले. बाबा म्हणतात, होऊ दे, मोठे डॉक्टर जातीने लक्ष देतील. आई म्हणते, माझ्या पोराला प्रयोगाचा उंदीर करायचं नाही. भाऊ म्हणतो, 'डॉक्टर म्हणतात तर करू.' नाही म्हटलं तर डॉक्टर नाराज होतील आणि त्याची हेळसांड होईल, अशी मला धास्ती वाटते. शिवाय रोज राउंडला दहा-बारा विद्यार्थी त्याच्या कॉटभोवती उभे राहतात, तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. आम्ही काय करावं? फॉर्मवर मी सही करू का? — एक बहीण

उत्तर:

तुमच्या पत्रात बाबांचं मत आहे, आईचं आहे, रेसिडेंटनी दिलेली मुदत आहे, तुमची धास्ती आहे. भावाच्या वाट्याला मात्र एकच वाक्य आलंय: 'डॉक्टर म्हणतात तर करू.' पत्र वाचताना मी अडखळले ती तिथेच. डॉक्टरांनी 'करा' असं म्हटलेलंच नाही, 'करणार का?' असं विचारलंय. उपचारात डॉक्टर सल्ला देतात आणि आपण तो बहुतेक वेळा मानतो. संशोधनात तेच डॉक्टर तुमच्याकडे काहीतरी मागायला आलेले असतात. कोट तोच, वॉर्ड तोच, आवाजही तितकाच आपुलकीचा, त्यामुळे हा फरक भावाच्या लक्षात आलेला दिसत नाही. खरं सांगायचं तर बाबांच्याही.

म्हणून आधी थोडक्यात सांगते. आज सही नको. दोन दिवसांची मुदत ही स्टडीची सोय आहे. महिन्याभरापूर्वी ज्याला आवाज छळत होते, त्याला सतरा पानं वाचायला, त्यातलं अर्धं विसरायला आणि पुन्हा विचारायला आठवडाभर तरी मिळायला हवा. 'आम्हाला आणखी वेळ हवाय' एवढं म्हणून बघा. 'मग राहू द्या, तोवर जागा भरतील' असं उत्तर आलं तर खुशाल राहू द्या. आणि तुमच्या सहीचं म्हणाल, तर भाऊ सज्ञान आहे. तो आजारी आहे म्हणून त्याचा निर्णय आपोआप घरच्यांकडे जात नाही.

आता बाबांचं म्हणणं. मी मेडिकल कॉलेजात बरीच वर्षं मानसोपचार शिकवलाय आणि संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या इथिक्स कमिटीतही काम केलंय. घरच्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज मी पाहिला तो हाच, की स्टडीत घेतलं म्हणजे खास उपचार मिळणार. नेहमीच्या वॉर्डात काय होतं बघा. रेसिडेंटला सकाळी दिसतं की पेशंट अस्वस्थ आहे, पाय सारखे हलवतोय, एका जागी बसवत नाहीये. तो राउंडला सरांना सांगतो, संध्याकाळपर्यंत डोस कमी होतो किंवा जोडीला दुसरी गोळी येते. दोन-चार आठवड्यांत फरक दिसला नाही तर औषधच बदलतात. सगळा विचार त्या एका माणसाचा. औषधाच्या स्टडीत ही मोकळीक आखडते. कुणाला कोणतं औषध मिळणार हे कॉम्प्युटर चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतो. बहुतेक वेळा ते पेशंटलाही माहीत नसतं आणि डॉक्टरांनाही नसतं. डोस किती वाढवायचा, झोपेची गोळी द्यायची की नाही, रक्त कधी काढायचं, हे सगळं प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे स्टडीच्या आराखड्यात, आधीच लिहिलेलं असतं. मोठे सर जातीने बघतीलही, पण त्यांचे हात बऱ्यापैकी बांधलेले असतील.

यात कुणाची लबाडी नाही. असं बांधून घेतलं नाही तर निष्कर्षाला काडीची किंमत राहत नाही. डॉक्टरांना नव्या औषधाबद्दल आशा असते, पेशंटलाही असते, आणि आशेने बघितलं की सुधारणा दिसायलाच लागते. पण हे सगळं नीट समजावून सांगितल्यावरही, 'माझ्यासाठी योग्य औषध डॉक्टरच निवडणार' असा समज पेशंटच्या मनातून जात नाही. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ पॉल ॲपलबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये हे लिहून ठेवलं, तेही मानसोपचाराच्याच स्टडीमधल्या पेशंटशी बोलून. तुमच्या भावाचं वाक्य त्यांच्या लेखात सहज खपून गेलं असतं.

बाबांच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. स्टडीत तपासण्या जास्त होतात. वजन, रक्तातली साखर, ईसीजी वेळच्या वेळी बघितलं जातं. ठरल्या दिवशी पेशंट आला नाही तर कुणीतरी फोन करतं. खच्चून भरलेल्या ओपीडीत पाच मिनिटंही मिळत नाहीत, तेव्हा हे लहानसहान नाही. पण हेच एक कारण असेल, तर आधी युनिटच्या डॉक्टरांना विचारा की स्टडीत न जाता नियमित तपासणीची सोय लावता येईल का. बऱ्याचदा येते, फक्त कुणी विचारलेलं नसतं.

तुमच्या भावाच्या बाबतीत सगळ्यात कळीचा प्रश्न निराळाच आहे, आणि सतरा पानांत तो कुठेतरी अकराव्या पानावर दडलेला असतो. सध्याची गोळी बंद करणार का? काही स्टडींमध्ये जुन्या औषधाचा परिणाम शरीरातून जावा म्हणून ते काही दिवस थांबवतात आणि मग नवीन सुरू करतात. काहींमध्ये एका गटाला प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी देतात. तुमचा भाऊ आत्ता वॉर्डात आहे तो गोळ्या सोडल्यामुळेच. २०१२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ६५ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात औषध चालू ठेवलेल्यांपैकी २७ टक्के पेशंटचा आजार वर्षभरात उलटला, तर प्लासिबोवर गेलेल्यांपैकी ६४ टक्क्यांचा. सुधारत असलेल्या माणसाच्या हातातून चाललेलं औषध काढून घ्यायचं असेल तर त्यासाठी फार भक्कम कारण हवं. म्हणून रेसिडेंटना सरळ विचारा: याला प्लासिबो मिळण्याची शक्यता किती? आत्ताची गोळी किती दिवस बंद राहील? त्या काळात आवाज परत आले तर कोण ठरवणार, किती तासांत ठरवणार आणि मग कोणतं औषध देणार? या उत्तरांत चाचपडणं दिसलं तर मी माझ्या भावाला नाही म्हणायलाच सुचवलं असतं. उलट, नवं औषध चालू उपचारात भर म्हणून द्यायचं असेल आणि आत्ताची गोळी तशीच राहणार असेल, तर धोका पुष्कळ कमी होतो आणि विचार करायला हरकत नाही.

आईची भीती मी मोडीत काढणार नाही, तिला इतिहासाचा आधार आहे. पण त्याच इतिहासाची दुसरी बाजूही त्यांना सांगा. १९३०च्या दशकात मानफ्रेड साकेल या डॉक्टरांनी स्किझोफ्रेनियासाठी इन्सुलिन कोमाचा उपचार आणला. इन्सुलिन टोचून रक्तातली साखर इतकी उतरवायची की पेशंट बेशुद्ध पडे, मग ग्लुकोज देऊन त्याला शुद्धीवर आणायचं, आणि हे आठवड्यांमागून आठवडे. काही पेशंट त्यात दगावले. तरी मोठमोठ्या हॉस्पिटलांत त्यासाठी वेगळे वॉर्ड होते आणि डॉक्टरांची त्यावर गाढ श्रद्धा होती. १९५७ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी निम्म्या पेशंटना इन्सुलिनने बेशुद्ध केलं आणि बाकीच्यांना बार्बिच्युरेट या झोपेच्या औषधाने. निकालात काही फरक पडला नाही. म्हणजे इतकी वर्षं हजारो लोक कोमात जात होते ते फुकटच. तेव्हा त्याला प्रयोग कुणीच म्हणत नव्हतं, सगळे उपचारच म्हणत होते. चिठ्ठ्या टाकून तुलना केली नसती तर तो आणखी किती वर्षं चालला असता कोण जाणे.

क्लोझापीन या स्किझोफ्रेनियावरच्या औषधाचीही गोष्ट अशीच दुधारी आहे. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये या औषधामुळे काहींच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम घसरल्या आणि साध्या जंतुसंसर्गाने माणसं गेली. अनेक देशांनी औषध मागे घेतलं. पुढे अमेरिकेत, इतर औषधांना दाद न देणाऱ्या २६८ पेशंटवर सहा आठवड्यांची चाचणी झाली आणि १९८८ मध्ये तिचे निकाल आले. जुन्या क्लोरप्रोमाझीनने ४ टक्के सुधारले होते, क्लोझापीनने ३० टक्के. आज ते रक्ततपासणीच्या अटीवर दिलं जातं आणि कशालाच न बधणाऱ्या आजारात अजूनही तेच आधाराला येतं. त्या २६८ जणांनी होकार दिला नसता तर क्लोझापीन कदाचित कायमचं बासनात गेलं असतं. आज तुमचा भाऊ जी गोळी घेतोय, तीही अशाच कुणाच्या तरी होकारातून आली आहे.

तरीही 'सगळं छान असतं, सही करा' असं मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातली एक घटना प्रत्येक मानसोपचार विभागाने पाठ करून ठेवावी अशी आहे. विशीतल्या एका तरुणाला तीव्र सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याचा आजार, झाला होता. 'सांगितलेले उपचार घे, नाहीतर सक्तीने हॉस्पिटलात ठेवू' अशा कोर्टाच्या आदेशाखाली असतानाच त्याची औषधाच्या स्टडीसाठी संमती घेण्यात आली. त्याचे उपचार करणारे डॉक्टर आणि स्टडीचे प्रमुख एकच. औषधं नवीन नव्हती, बाजारात असलेल्या तीन औषधांची तुलना होती. आई पुन्हा पुन्हा कळवत राहिली की पोराची तब्येत बिघडतेय, त्याला स्टडीतून काढा. तिचं कुणी ऐकलं नाही. मे २००४ मध्ये त्याने आत्महत्या केली. २०१५ मध्ये राज्याच्या विधिमंडळाच्या लेखापरीक्षकांनी या प्रकरणावर कडक ताशेरे ओढले, तेव्हा कुठे विद्यापीठाने मानसोपचारातल्या औषधांच्या चाचण्यांमध्ये नवे पेशंट घेणं थांबवलं.

माझ्या मते त्यात औषधापेक्षा माणसांच्या जागा जास्त चुकल्या होत्या. म्हणून तुमच्या भावाच्या उपचाराचे निर्णय घेणारे डॉक्टर आणि स्टडीचे प्रमुख एकच आहेत का, हे विचारून घ्या. एकच असतील, तर संमतीची बोलणी दुसऱ्या कुणीतरी करावीत अशी मागणी करा. ही काही आगाऊ मागणी नाही. जागतिक वैद्यक संघटनेच्या हेलसिंकी जाहीरनाम्यात तसं स्पष्ट म्हटलंय. पेशंट डॉक्टरांवर अवलंबून असेल तर त्या नात्याबाहेरच्या, जाणकार माणसाने संमती घ्यावी. हा जाहीरनामा १९६४ चा, वेळोवेळी सुधारलेला, अगदी अलीकडे २०२४ मध्ये. आणि घरच्यांना तब्येत बिघडलेली दिसली तर त्यांनी कुणाला सांगायचं, त्यांचं म्हणणं लिहून घेतलं जाईल का, हेही आधीच ठरवून घ्या. घरच्यांना जे रात्री दोन वाजता दिसतं ते महिन्याने भरल्या जाणाऱ्या प्रश्नावलीत उतरत नाही.

आता भावाकडे वळू. त्याला निर्णय घेता येतो की नाही हे निदानावरून ठरत नाही. तो समजून घेऊ शकतो का, ते स्वतःला लागू करू शकतो का, दोन पर्याय तोलू शकतो का आणि आपली निवड सांगू शकतो का, एवढंच बघायचं असतं. आणि यातलं काही आज जमलं नाही तरी पुढच्या आठवड्यात जमू शकतं. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्किझोफ्रेनियाचे पेशंट पहिल्या फेरीत निरोगी लोकांपेक्षा मागे पडले, पण तीच माहिती पुन्हा नीट शिकवल्यावर त्यांची बरोबरी झाली.

तेव्हा दुपारी गुंगी उतरलेली असेल, वॉर्डात गडबड नसेल, अशा वेळी त्याच्याजवळ बसा. आई-बाबांना चहाला पाठवा. फॉर्म बाजूला ठेवून विचारा, 'ते डॉक्टर काय म्हणत होते रे? मला नीट कळलं नाही, तू सांग.' तो सांगू लागला की मधे बोलू नका, चुका दुरुस्त करू नका. 'औषध कोणतं मिळेल हे तेच ठरवणार' म्हणाला तर समजा की अजून पोचलेलं नाही. 'नाही म्हटलं तर मला घरी सोडणार नाहीत' असं काही निघालं, तर ती संमती नव्हेच, भीती आहे. रेसिडेंटना बोलावून त्याच्यासमोर ती दूर करायला लावा. आणि 'चिठ्ठी निघेल ते औषध, आवडलं नाही तर सोडता येईल, माझ्यासारख्या कुणाला उपयोग होईल, मला करायचंय' असं म्हणाला, तर आईला पटो न पटो, तो त्याचा निर्णय आहे. आजाराने त्याच्याकडून बरंच काही हिरावून घेतलंय. हे आपण काढून घेऊ नये.

त्याला खरोखरच झेपत नसेल, तर नियमाप्रमाणे राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाच्या परवानगीने, त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीची (बहुधा घरच्यांपैकी कुणाची) संमती चालू शकते, पण तेव्हाही त्याची मान 'नाही' अशी हलली तर तो नकारच धरावा लागतो. शिवाय काही आठवड्यांत तो स्वतः निर्णय घेण्याइतका सावरेल अशी चिन्हं दिसत असताना त्याच्या वतीने तुम्ही सही करण्यात मला शहाणपण वाटत नाही.

हेळसांडीची तुमची धास्ती मला समजते, कारण वॉर्डात आपण अडलेले असतो. नकाराचा उपचारावर परिणाम होऊ द्यायचा नाही, असा नियम त्याच जाहीरनाम्यात आहे आणि तुमच्या फॉर्मवरही ते वाक्य छापलेलं असणार. वाचून बघा. प्रत्यक्षात रेसिडेंट खट्टू होऊ शकतो, कारण इतके पेशंट मिळवायचे हे काम त्याच्या गळ्यात घातलेलं असतं. तो राग दोन दिवसांत ओसरतो. नकार देताना कारणं देत बसू नका. 'भावाचं ठरलं, स्टडीत नको. गोळ्या आणि पुढच्या तपासण्या तशाच चालू राहतील ना?' एवढं पुरे. कुणी टोमणा मारला किंवा गोळ्या लिहून द्यायला टाळाटाळ केली, तर युनिटच्या प्रमुखांना भेटा. ते स्वतःच स्टडीत असतील तर फॉर्मवर इथिक्स कमिटीचा नंबर असतो, तिथे कळवा. वॉर्डातल्या समाजसेविकेलाही सांगून ठेवा. कुणाशी कधी बोलावं हे तिला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

एक खुलासा राहिला. मेडिकल कॉलेजात 'स्टडी' म्हटलं की ती औषधाचीच असते असं नाही. पुष्कळदा एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याचा थिसिस असतो, तासभर प्रश्न विचारायचे किंवा एकदा रक्त घ्यायचं. त्यासाठी घरात भांडणं करू नका. रक्त किती वर्षं ठेवणार, नाव काढून टाकणार का, एवढं विचारून भावाला ठरवू द्या.

राहिला कॉटभोवतीचा घोळका. मानसोपचार शिकायचा तर पेशंटशी बोलूनच शिकावा लागतो, पुस्तकातून तो येत नाही, त्यामुळे विद्यार्थ्यांना वॉर्डात बंदी घाला असं मी म्हणणार नाही. पण भिंतीकडे तोंड करून पडणं हाही एक प्रकारचा नकारच आहे आणि शिकवणाऱ्याने तो ओळखायला हवा. तुम्ही राउंडच्या आधी सिस्टरना किंवा रेसिडेंटना सांगा: सगळ्यांसमोर तो बोलणार नाही, एक-दोघे नंतर येऊन, नाव सांगून, बसून बोलले तर कदाचित बोलेल. असं एकट्याने येऊन स्टूल ओढून बसलेले विद्यार्थी पेशंटना आवडतातही, कारण आख्ख्या हॉस्पिटलात तेवढ्या एकाच माणसाला घाई नसते. व्हिडिओ काढायचा असेल तर त्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते. वॉर्डात ॲडमिट होताना केलेल्या सहीत ती येत नाही.

भावाने होकार दिला तर फॉर्मची सही केलेली प्रत मागून घ्या. स्टडी संपल्यावर औषध मिळत राहील का आणि औषधाने इजा झाली तर खर्च कोण करणार, हे त्यात लिहिलेलं आहे का बघा. तोंडी सांगितलेलं धरू नका. मधेच बाहेर पडावंसं वाटलं तर गोळी एकदम टाकून देऊ नका, डॉक्टरांना सांगून टप्प्याटप्प्याने बाहेर या. आणि सही करण्याआधी एक करा. फॉर्मवर तातडीच्या वेळी संपर्क म्हणून जो नंबर दिलाय, तो एखाद्या रात्री दहानंतर लावून बघा. कुणी उचलला तर माफी मागून सांगा, की चालू आहे का तेवढं बघत होतो. नाही उचलला तर दुसऱ्या दिवशी रेसिडेंटना तसं सांगा, आणि उचलला जाणारा नंबर हातात येईपर्यंत फॉर्म तसाच राहू द्या.